सर्वांत खालचा बार आधी

खुल्या व्यायामाच्या जागांचे नकाशे अधूनमधून माझ्याकडे येतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं दुखणं खांद्याचं, मानेचं नाहीतर मनगटाचं असतं, म्हणून बाग आखणाऱ्यांपैकी कुणीतरी माझं नाव काढतं आणि कागद पुढे येतो. कमरेच्या वरच्या शरीरासाठी त्यात जे असतं ते जवळपास ठरलेलं: एक उंच सिंगल बार, एक डबल बार आणि बसून दांडा खाली ओढायचं एक यंत्र. उरलेली सगळी जागा पाय हलवायच्या यंत्रांना. मी आधी एकच विचारते. ज्याने वर्षानुवर्षं हातांवर आपलं वजन घेतलेलं नाही, असा माणूस पहिल्या दिवशी इथे आला तर त्याने काय करायचं?

उंच बारला तो लोंबकळेल आणि काही सेकंदांत हात सुटतील. डबल बारवर त्याला चढताच येणार नाही. यंत्रावर बसून चारदोन वेळा दांडा ओढेल आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चालायच्या वाटेवर. मग काही महिन्यांनी कुणीतरी म्हणतं की इथे लोक फिरकतच नाहीत, पोरं तेवढी लटकतात. लोक आले होते हो. त्यांना चढायला पहिली पायरीच ठेवलेली नव्हती.

माझं म्हणणं साधं आहे: अशी जागा आखायची ती सर्वांत खालच्या बारपासून. सर्वांत अशक्त हाताला काय जमेल ते आधी ठरवावं, पुल-अप मारणाऱ्याचं नंतर बघावं. पुल-अप मारणारा माणूस आपली सोय कुठेही करून घेतो. झाडाची जाड फांदीही त्याला पुरते.

हातांच्या व्यायामासाठी वेगळी जागा हवीच कशाला, चालणं पुरेसं नाही का, असं हमखास विचारलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम एवढा भाग सगळ्यांच्या तोंडी असतो. त्याच सूचनांत पुढे असंही म्हटलं आहे की प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा, आणि ६५ च्या पुढच्यांनी तोल आणि ताकद दोन्हींचा व्यायाम किमान तीन दिवस करावा. तो भाग कुणाला आठवत नाही. चालण्याने पाय आणि हृदय सांभाळलं जातं. पाठीचा वरचा भाग, खांदे, दंड, पकड यांना चालण्यातून फारसं काही मिळत नाही. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये १७ देशांतल्या सुमारे १,४०,००० प्रौढांचा एक अभ्यास आला होता. त्यात हाताची पकड मोजली होती. पकड ५ किलोने कमी असेल तर अभ्यासाच्या काळात मृत्यू होण्याची शक्यता सुमारे १६ टक्क्यांनी जास्त दिसली. पकड सुधारली की आयुष्य वाढेल असा त्याचा अर्थ लावू नये. हाताची ताकद सगळ्या शरीराची खबर देते, एवढं मात्र त्यातून नक्की कळतं.

आणि मला अभ्यासापेक्षा रोजचं काम जास्त पटवून देतं. मनगटाचं हाड मोडून जुळल्यावर येणाऱ्या बायकांना मी जिन्याच्या कठड्याशी उभं करते. कठडा कमरेच्या थोडा वर येतो. दोन्ही तळवे त्यावर ठेवायचे, पाऊलभर मागे सरकायचं आणि कोपर वाकवून छाती कठड्याकडे न्यायची. पहिल्या वेळी बहुतेकींचा अंगठा कठड्याच्या वरच राहतो, खाली गुंडाळला जात नाही, कारण हात अजून भरवसा ठेवायला तयार नसतो. बोटांची पेरं पांढरी पडतात, खांदे कानांशी जातात. मी फक्त सांगते, अंगठा खाली घ्या. अंगठा खाली गेला की मनगट सरळ होतं, खांदे उतरतात, आणि तीच बाई सहा-सात वेळा सहज खालीवर होते. यासाठी लागला काय, तर योग्य उंचीला असलेला, हातात मावणारा एक आडवा दांडा. बागेत तेवढाच दांडा शोधायला जा, सापडत नाही.

आता उंचीचं गणित, कारण सगळी योजना त्यावर उभी आहे. सपाट जमिनीवरच्या पुश-अपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण ६४ टक्के भार येतो. हात ३० सेंटिमीटर उंचावर ठेवले तर तो ५५ टक्क्यांच्या आसपास, ६० सेंटिमीटरवर ठेवले तर ४१ टक्क्यांच्या आसपास. गुडघे टेकून केला तर ४९ टक्के. उलट पाय ६० सेंटिमीटर उंच ठेवले तर ७४ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे ७० किलोच्या माणसाला हात किंवा पाय ठेवायची उंची बदलून तीसेक किलोपासून पन्नासेक किलोपर्यंत भार निवडता येतो, तोही एकही हलता भाग नसताना. यंत्रात जे वजनाच्या पट्ट्या बदलून करतात, ते इथे एक पाऊल बाजूला सरकून होतं.

म्हणून मी नकाशावर चार आडवे बार मागते: जमिनीपासून ४०, ७०, १०० आणि १३० सेंटिमीटर. शेजारीशेजारी, जिन्यासारखे चढते. पुश-अपसाठी १३० वर सुरुवात, मग १००, मग ७०, मग ४०. आणि हेच बार उलट बाजूने ओढायच्या व्यायामाला लागतात, ही यातली मोठी सोय. १३० चा बार उभं राहून धरायचा, टाचा रोवायच्या, शरीर फळीसारखं ताठ ठेवून मागे झुकायचं आणि छाती बारकडे ओढून आणायची. पाय जितके पुढे न्याल तितकं जड. १०० च्या बारखाली शरीर बरंच तिरकं होतं. ७० च्या बारखाली जवळपास आडवं, आणि तिथे नियमित व्यायाम करणाऱ्यालाही घाम फुटतो. ओढण्याचा हा व्यायाम मला पुश-अपपेक्षा मोलाचा वाटतो. दिवसभर आपण हात पुढे करून बसतो, लिहितो, फोन धरतो, गाडी चालवतो. खांद्याच्या फऱ्यांना मागे खेचणारे स्नायू आळसावतात. माझ्याकडे दुखरे खांदे घेऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी जण छाती आणि दंड नियमाने बनवतात, पाठीकडे मात्र बघत नाहीत. बागेत ओढायची सोय ढकलण्याच्या सोयीपेक्षा कमी नसावी, थोडी जास्तच असावी.

बसून ओढायच्या यंत्राबद्दलही सांगते, कारण बहुतेक ठिकाणी खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो. दांडा ओढला की आपण बसलेली सीटच वर उचलली जाते, अशी त्याची रचना असते. भार आपल्याच वजनाचा, आणि तो किती यायचा हे तरफेच्या मापांवर कारखान्यातच ठरून गेलेलं असतं. अशक्त माणसाला तो कमी करता येत नाही, ताकद वाढली तर वाढवता येत नाही. वर बेअरिंग झिजतं, सांध्यात पाणी जातं, आणि कधी ना कधी एक बाजू कुरकुरायला लागते. बसूनच व्यायाम करावा लागणाऱ्यांसाठी एखादं यंत्र जरूर असावं. पण मुख्य गुंतवणूक न हलणाऱ्या दांड्यांत करावी.

दांड्याची जाडी हा नकाशात हमखास दुर्लक्षित राहणारा आकडा. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्समध्ये आडव्या बारचा व्यास २८ मिलिमीटर असतो. सर्वसाधारण हातांना ओढण्यासाठी आणि लोंबकळण्यासाठी ३० ते ३४ मिलिमीटर चांगला. बोटं गुंडाळून अंगठा त्यांच्यावर येतो. बागेत बघाल तर ४५-५० मिलिमीटरचे पाइप सर्रास दिसतात. लहान हाताच्या बाईला असा पाइप मुठीत येतच नाही, ती बोटांच्या टोकांवर लटकते, आणि ताकद पाठीत असूनही हात सुटतो. तिला वाटतं आपल्याला जमत नाही. जाड पाइप घेण्यामागे कारण असतं, बारीक पाइप वाकतो. पण त्यावर उपाय लांबीचा आहे. मधोमध लटकलेल्या वजनाने दांडा किती वाकेल हे लांबीच्या घनावर अवलंबून असतं. लांबी निम्मी केली की वाक आठ पटींनी कमी. म्हणून अडीच मीटरचा एक लांब बार लावण्यापेक्षा सव्वा मीटरचे दोन लावा, मध्ये एक खांब द्या. पाइप बारीक ठेवता येतो आणि दोन माणसं एकमेकांना अडचण न होता व्यायाम करू शकतात. डबल बारचं मात्र उलट. तिथे भार तळव्यावर येतो, म्हणून ४० मिलिमीटरच्या आसपासचा थोडा जाड दांडा तळव्याला सुखाचा.

डबल बारबद्दल माझं मत जरा कडक आहे. कोपर खांद्याच्या मागे जाऊन शरीर खोल उतरतं, तेव्हा खांद्याच्या पुढच्या भागावर मोठा ताण येतो, आणि तयारी नसलेला खांदा तिथेच दुखावतो. बार १३० सेंटिमीटर उंच असेल तर चढतानाच उडी मारावी लागते आणि उतरताना अंग टाकावं लागतं. मी ९५ ते १०० सेंटिमीटर उंचीचे मागते. कोपर वाकवून खाली आलं की पाय जमिनीला टेकतात, आणि पायांनी हवी तेवढी मदत घेत उतरता येतं. उंच माणसाला पाय मागे दुमडावे लागतील, दुमडू देत. दोन दांडे समांतर ठेवण्याऐवजी एका टोकाला साधारण ४५ आणि दुसऱ्या टोकाला ६० सेंटिमीटर असे किंचित पसरते ठेवले तर अरुंद आणि रुंद दोन्ही खांद्यांना जागा सापडते.

लोंबकळण्यासाठी उंच बार लागतोच, पण तोही एका उंचीचा पुरत नाही. १५० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीची बोटं हात वर केल्यावर साधारण १९० पर्यंत पोचतात. नकाशातला २३० चा बार तिच्यासाठी नसल्यातच जमा. उडी मारून पकडायला गेलं की हात घसरतो, आणि पडणं बहुतेक तिथेच घडतं. १८०, २०५ आणि २३० असे तीन ठेवावेत, आणि उंच बाराच्या खांबालगत ४० सेंटिमीटरची एक भक्कम पायरी. पायरीवरून हनुवटी बारच्या वर असलेल्या स्थितीत जायचं आणि सावकाश खाली उतरायचं. पुल-अप न येणाऱ्याला पुल-अपपर्यंत नेणारा हाच रस्ता. १८० च्या बारला गुडघे वाकवून, पाय जमिनीवर ठेवून अर्धवट लोंबकळता येतं. आखडलेल्या खांद्याच्या रुग्णांना, सूज आणि तीव्र वेदना ओसरल्यावर, मी हेच करायला लावते. अंगावर किती वजन घ्यायचं ते ज्याचं त्याने पायांनी ठरवायचं.

या मधल्या उंचीच्या बारांचा एक धोका आहे, आणि तो डोळस माणसांच्या लक्षात येत नाही. पांढरी काठी जमिनीलगत फिरते. साधारण ७० सेंटिमीटरपासून २ मीटरपर्यंतच्या पट्ट्यात काही आडवं आलं तर काठीला ते लागत नाही, थेट छातीला नाहीतर कपाळाला लागतं. त्यामुळे हे बार चालायच्या वाटेला आडवे कधीच नकोत. वाटेपासून आत, खांब काठीला सापडतील असे, आणि पायाखालची जमीन बदलल्याचं तळव्याला कळेल अशी सीमा. बार आणि मागची हिरवळ यांच्या रंगांत स्पष्ट फरक हवा, कमी दिसणाऱ्यांना त्याचाच आधार.

व्हीलचेअरवरून येणाऱ्यांचा विचार नकाशात बहुधा एका चिन्हापुरता असतो. चिन्ह काढलं की काम झालं असं धरतात. प्रत्यक्षात आधी वाट. वाटेचा चढ १:२० पेक्षा जास्त नको, कडेला उंबरा नको. प्रत्येक बारपुढे किमान ७६ बाय १२२ सेंटिमीटर सपाट मोकळी जागा, आणि कुठेतरी १५२ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ, खुर्ची पूर्ण वळवायला. ही अमेरिकेच्या सुगम्यता मानकांतली मापं आहेत. मोठ्या खुर्च्यांसाठी मी थोडी सढळ धरते. मग व्यायाम कोणता, हा खरा प्रश्न. खुर्ची हाताने चालवणारा माणूस दिवसभर ढकलतच असतो. त्याच्या खांद्याचा पुढचा भाग कामाने थकलेला असतो, आणि खांदेदुखी या लोकांत फार मोठ्या प्रमाणावर आढळते. त्याला आणखी ढकलायचं यंत्र देण्यात काय हशील? त्याला ओढायला द्या. बसल्या उंचीला छातीसमोर येईल असा, ज्याखाली गुडघे आणि पावलं सरकतील असा आडवा दांडा, आणि चाकं अडकवायला जमिनीत एक उथळ खाच, म्हणजे ओढताना खुर्ची पुढे येणार नाही. हाताने फिरवायचं पेडल, दोन्ही दिशांनी फिरणारं, हे एक हलतं यंत्र मी आग्रहाने मागते. मागे फिरवलं की पाठीचे तेच आळसावलेले स्नायू कामाला लागतात. पाय अधू असलेल्यांना दम लागेल असा व्यायाम बागेत दुसरा मिळणार कुठे?

खुर्चीवाल्यांचा बार वेगळ्या कोपऱ्यात टाकू नये, हेही इथेच सांगते. बाकीच्यांच्या रांगेतच तो असावा. शेजारी कुणी १०० च्या बारवर ओढत असेल, तर दोघांत बोलणं होतं.

जमिनीवर अनेकांचं अडतं. उंच बारखाली मऊ जमीन हवी, यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि मग वाळू स्वस्त म्हणून वाळू टाकतात. वाळू चांगली झेलते, पण जिथे पाय पडतात तिथूनच ती बाजूला सरकते. नेमक्या पडायच्या जागी खड्डा होतो आणि तळाशी कडक जमीन उघडी पडते. व्हीलचेअरची पुढची लहान चाकं त्यात रुततात ती वेगळीच. रबराच्या एकसंध थराला सुरुवातीला खर्च जास्त, पण चाकं, काठ्या, म्हाताऱ्या पावलांसाठी तोच बरा. थराची जाडी पडायच्या उंचीवर ठरते, ‘रबर टाकलंय’ एवढ्यावर समाधान मानू नये, किती उंचीपर्यंतचं पडणं तो झेलतो याचा चाचणीचा कागद मागावा. पायाच्या काँक्रीटचा वरचा भाग या थराच्या खाली दडलेला हवा. खांबाच्या बुडाशी वर आलेली काँक्रीटची कड मी नवीन जागांतही पाहिली आहे, आणि पडणाऱ्याचं डोकं तिथे आपटू शकतं. प्रत्येक बारभोवती किमान दीड मीटर मोकळं, उंच बारच्या पुढे-मागे दोन मीटर किंवा जास्त, कारण तिथे माणूस झोका घेऊन सुटतो.

मुलं यावर चढणारच. युरोपचं ईएन १६६३० हे २०१५ मध्ये आलेलं मानक १४० सेंटिमीटरपेक्षा उंच व्यक्तींच्या साधनांपुरतं आहे, अमेरिकेचं एएसटीएम एफ३१०१ हे १३ वर्षांपुढच्यांसाठी. मानक काहीही म्हणो, पाच वर्षांचं पोर फलक वाचत नाही. म्हणून दोन दांड्यांमधल्या फटी मुलांच्या खेळण्यांच्या नियमाने तपासाव्यात: डोकं अडकेल अशी, म्हणजे ८९ ते २३० मिलिमीटरच्या मधली फट नको, बोट अडकेल असं ८ ते २५ मिलिमीटरचं भोक नको. खेळण्यांची जागा दिसेल इतकी जवळ आणि झोपाळ्याच्या टप्प्यात येणार नाही इतकी लांब. आईबापांना व्यायाम करता येतो तो तेव्हाच, मूल नजरेसमोर असताना.

जागा नेमकी कुठे, यावर मी सर्वांत जास्त भांडते. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर १९३० च्या दशकात बार आणि रिंगा उभ्या राहिल्या, ‘मसल बीच’ म्हणून नाव झालं, आणि लोक व्यायाम करण्याइतकेच बघायला जमू लागले. स्वित्झर्लंडमध्ये १९६८ साली झुरिकला पहिला ‘विटा पार्कूर’ झाला: रानातून जाणारी वाट, ठरावीक अंतरावर लाकडी ओंडके, रिंगा आणि काय करायचं ते दाखवणारा फलक. एकीकडे प्रेक्षक, दुसरीकडे झाडांचा आडोसा. ज्याला नुकती सुरुवात करायची आहे त्याला आडोसा हवा असतो, पण अगदी निर्जन जागा बायकांना नको असते, आणि ते रास्त आहे. मी मधला मार्ग सुचवते: रोजच्या चालण्याच्या वाटेपासून थोडी आत, वाटेवरून दिसणारी, पाठीशी झाडी किंवा बुटकी भिंत, आणि आत-बाहेर जायला दोन वाटा. एकच वाट असेल आणि तिथे चार तरुण गप्पा मारत उभे असतील, तर पन्नाशीची बाई आत येत नाही. चारही तरुण सज्जन असतील, तरी ती येत नाही. त्याच कारणाने सगळे बार एकाच मोठ्या सांगाड्यात बांधू नयेत. तीन-चार सुटे गट असले, तर एक गट भरला तरी दुसरा मोकळा राहतो. संध्याकाळी उजेड हवा, दिवा बारच्या मागून डोळ्यांत येणारा नको.

उन्हात धातू किती तापतो हे नकाशा काढणाऱ्याने भर दुपारी हात लावून बघावं. गडद रंग आणि काळं रबर आणखी तापतं. बार पूर्व-पश्चिम आडवा ठेवला की व्यायाम करणाऱ्याचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला राहतं, सकाळ-संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांत जात नाही. सावलीसाठी झाड उत्तम, फक्त बारवर पानांचा चीक आणि पक्ष्यांची शीट पडणार नाही असं लावावं. समुद्राजवळ साधं पोलाद किंवा स्वस्त स्टेनलेस लवकर डागाळतं, तिथे ३१६ दर्जाचं स्टेनलेस घ्यावं. पकडीच्या भागावर रंग नकोच. तो सोलून हाताला लागतो.

फलकावर मजकूर कमी, चित्रं मोठी. प्रत्येक बारपाशी दोनच गोष्टी: हेच सोपं कसं करायचं, आणि सोपं झालं की पुढे कुठे जायचं. खांद्यात कळ आली तर थांबा, हे एक वाक्य मी कधीच काढू देत नाही. आणि बिघाड कळवायचा नंबर.

देखभालीचं लांबण लावत नाही. खांबाच्या बुडाशी गंज, सैल बोल्ट, वेल्डिंगच्या सांध्याला चीर, रबराची उचकटलेली कड, एवढं दर महिन्याला बघणारा एक माणूस नावानिशी ठरलेला हवा, आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून पूर्ण तपासणी.

एक गोष्ट मात्र जिथे जमेल तिथे करून घेतेच. काँक्रीट ओतण्याआधी बांधकामाच्या मचाणाचे पाइप आणि कड्या वापरून सगळे बार ठरलेल्या उंचीला तात्पुरते उभे करायचे, आणि एका सकाळी वेगवेगळ्या माणसांना बोलवायचं: म्हातारे, खुर्चीवरचे, गरोदरपणानंतर पुन्हा सुरुवात करणाऱ्या, शाळकरी मुलं, रोज व्यायाम करणारे. त्या सकाळी मुद्दाम कुणी कुणाला शिकवायचं नाही. कोण कुठे थबकतं, कुणाचा हात कुठल्या दांड्याकडे आपसूक जातो, पिशवी आणि पाण्याची बाटली कुठे ठेवली जाते, ते बघायचं. मागच्या वेळी १०० चा बार ज्येष्ठांनी आधाराला धरायला वापरला आणि त्याला धरून एका पायावर तोल सांभाळायला लागले. कुठल्याच नकाशात तो व्यायाम नव्हता. आम्ही त्या बारची लांबी वाढवली, मधला खांब वाढवला, आणि शेजारी टेकायला बाक हलवला. खुर्चीवरच्या एका मुलाने दाखवून दिलं की खाच बारच्या फार जवळ आहे, हात पूर्ण लांब होत नाहीत. ती मागे गेली.

आणि पैसे कमी पडले तर काय कापायचं, हे आधीच ठरवून ठेवावं, कारण ऐनवेळी नेहमी खालचे बार कापले जातात. उंच बार फोटोत चांगला दिसतो, ४० सेंटिमीटरचा दांडा कुणाला महत्त्वाचा वाटत नाही. मी उलट क्रम लिहून देते. आधी वाट, सपाट जमीन आणि चार खालचे बार. मग बसल्या उंचीचा ओढायचा दांडा आणि हाताचं पेडल. मग १८० चा लोंबकळायचा बार. डबल बार त्यानंतर. २०५ आणि २३० चे सर्वांत शेवटी. त्यांच्यासाठी पाया मात्र पहिल्याच टप्प्यात ओतून, त्यात रिकामी नळी बसवून, वरून जमिनीच्या पातळीत घट्ट झाकण लावून ठेवता येतं. पुढच्या वर्षी पैसे आले की रबर न उचकटता खांब उभा करायचा.